‘छंद’ ही चौकट तेवढी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण माझा परिचय छापलात. पान देखणं झालंय. घरी कात्रणं निघाली, जुन्या मैत्रिणींचे फोन आले. एकीनं तर फोटोतला माझा सदरा ओळखला, तिच्यासमोर बसून शिवला होता म्हणून. आभार मानायला लिहायचंच होतं. पण आभाराचं पत्र दोन ओळींत संपलं असतं. हे लांबणार आहे, आणि त्याला कारण आहे पानाच्या उजव्या कोपऱ्यातली ती करडी चौकट.

वर चार रकाने भरून ‘संशोधनाची पार्श्वभूमी’ आहे. त्यात माझ्या पदव्या, शिष्यवृत्त्या, शोधनिबंधांची संख्या. खाली चौकटीत, बारीक टायपात : ‘छंद : शिवणकाम, चित्रकला, वाचन, बॅडमिंटन.’ चूक म्हणावी असं त्यात काही नाही. (वाचन मी सांगितलं नव्हतं. ते अशा चौकटीत आपोआप उगवत असावं.) मीही ते वाचून पान उलटलं होतं. मग गुरुवारी आपल्या कार्यालयानं एका वाचक मुलीचं पत्र माझ्याकडे धाडलं. ती नववीत आहे. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय : ‘मला तुमच्यासारखं व्हायचंय. तर छंद पीएच.डी.च्या आधी सुरू करायचे की नंतर?’

मी आधी हसले, आणि मग अर्धा दिवस काही सुचेना. त्या मुलीनं पान नीट वाचलं होतं. पानावर जे होतं तेच तिला समजलं : आधी वरच्या रकान्यांत शास्त्रज्ञ व्हायचं, मग वेळ उरला तर खालच्या चौकटीत माणूस. तिला मी वेगळं उत्तर लिहिलं आहे. पण ते पान तिच्यासारख्या आणखी कितीतरी मुलामुलींनी वाचलं असणार, म्हणून हे आपल्याला.

एक किरकोळ गोष्ट आधी उरकते. मथळ्यात मला ‘पर्यावरणप्रेमी’ म्हटलंय. प्रेमाबद्दल वाद नाही, पण माझा विषय परिसंस्थाशास्त्र. ‘इकॉलॉजी’ हा शब्द जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली घडवला तो ग्रीक ‘ओइकोस’वरून. ओइकोस म्हणजे घर. कोण कुणाच्या घरात राहतं, कोण कुणाला खातं, कुणाच्या येण्यानं कोण उपाशी मरतं, याचा हा हिशेब. हिशेबाला प्रेम लागतंच असं नाही. मी आयुष्यातली बरीच वर्षं डासांच्या अळ्या मोजण्यात घालवली, आणि डासांवर माझं प्रेम नाही. जाता जाता, हे हेकेल चित्रंही फार सुंदर काढत. त्यांचा परिचय आज छापायचा झाला तर रेडिओलॅरियासारख्या सूक्ष्म सागरी जीवांची ती चित्रं बहुधा चौकटीत जातील.

आता माझ्या पार्श्वभूमीकडे. आपल्या वार्ताहरानं ‘लहानपणापासूनच निसर्गाची ओढ’ असं वाक्य घातलंय. (मुलगा हुशार आहे, त्याला काही बोलू नका.) ते वाक्य खरं नाही. मला बेडकांची किळस होती. अजूनही ओला बेडूक उघड्या तळहातावर घ्यायचा तर आधी मनाची तयारी करावी लागते. मला ओढ होती ती कापडाची. आत्या शिवायची, आणि मी मशीनच्या पायट्याजवळ बसून खाली पडणाऱ्या चिंध्या गोळा करायची. उभा धागा कुठला, आडवा कुठला, उरेब कापलं की कापड कसं ताणतं, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. डोळे मिटून नुसत्या बोटांनी कापड ओळखायची पैज मी लावत असे आणि बहुतेक वेळा जिंकत असे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. सातवीत मला साडेसहा नंबरचा चष्मा लागला. शाळेच्या सहलीत सगळे झाडावरचे पक्षी बघायचे आणि मला फक्त पानांचा हिरवा गोळा दिसायचा. पण असा उणे नंबर असला की चष्मा काढल्यावर अगदी जवळचं, वीतभरापेक्षाही कमी अंतरावरचं, लख्ख दिसतं. म्हणून मी चष्मा कपाळावर चढवून उकिडवी बसायची आणि डबक्यात नाक खुपसायची. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन सात वर्षांचे असताना गळाला लागलेल्या माशाचा काटा त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. उरलेल्या डोळ्यानं त्यांना जवळचं बारीक फार छान दिसे, आणि ते मुंग्यांकडे वळले, असं तेच सांगत. त्यांच्या मुंग्या आणि माझं डबकं यांची तुलना मी करत नाही. पण ‘ओढ’ वगैरे शब्द आपण नंतर लावतो. आधी असतं ते एवढंच, की काय दिसतं आणि काय दिसत नाही.

ते डबकं एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या तळाशी होतं. पाऊस पडला की भरायचं, काही आठवड्यांनी आटायचं. मराठीत ‘डबक्यातला बेडूक’ ही शिवी आहे, संकुचित माणसाला देतात. ती ज्यानं कुणी पहिल्यांदा दिली त्यानं आटत्या डबक्यात कधी डोकावलं नसावं. पाणी आटायच्या आत वाढून, पाय फुटून, शेपूट जिरवून बाहेर पडायचं, आणि तेही चतुराच्या अळ्या, पाणविंचू आणि पाठीवर पोहणारे नोटोनेक्टा किडे यांच्या तावडीतून सुटून. लवकर निघावं तर अंग लहान राहतं आणि जमिनीवर निभाव लागणं कठीण होतं. थांबावं तर चिखलात वाळून जायचं. हा पेच बेडूकमासे कसा सोडवतात, यावर विल्बर आणि कॉलिन्स या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली एक साधा नियम मांडला : एका किमान आकाराखाली रूपांतर शक्यच नाही, एका कमाल आकारानंतर थांबण्यात अर्थ नाही, आणि या दोहोंच्या मध्ये वाढ कशी चालली आहे त्यावर बाहेर पडण्याची वेळ ठरते. वाढ जोरात असेल तर पाण्यात थांबायचं, मंदावली की गाशा गुंडाळायचा. माझं पुढचं सगळं काम या आणि अशा प्रश्नांभोवतीच फिरलं.

पण पहिलं जाळं मी शिवलं ते या कशासाठी नव्हे. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा होता, आणि तो कशाला तरी वापरायचा होता. तारेचं कडं केलं, कापडाची नळी शिवली, टोक बांधलं. मच्छरदाणीच्या जाळ्यात डासांच्या अळ्या पकडण्यातला विनोद मला पुष्कळ वर्षांनी कळला.

पीएच.डी.ला लागले तेव्हा विभागातून तयार जाळं मिळालं, चकचकीत दांड्याचं. त्यानं मी एक अख्खा पावसाळा नमुने घेतले. वही भरली. आकडे मांडल्यावर दिसलं की माझ्या डबक्यांत मोठ्या अळ्या भरपूर आणि लहान अळ्या जवळजवळ नाहीत. म्हणजे मुलं नाहीत आणि थेट तरुण जन्माला येतात, असं काहीतरी. मी त्यावर तीन पानांचं स्पष्टीकरणही लिहिलं होतं. लहान अळ्या खाल्ल्या जात असाव्यात, तळाशी दडत असाव्यात, वगैरे. मग एका संध्याकाळी जाळं धुताना ते कापड बोटांत धरून ताणलं आणि माझ्या पोटात गोळा आला. विणीचं छिद्र मिलिमीटरभर होतं. अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्या त्यातून सरळ निघून जात होत्या. सबंध पावसाळा मी पाण्यातलं फक्त तेवढंच मोजलं होतं, जेवढं त्या कापडाला अडवावंसं वाटलं.

तो हंगाम वाया गेला. परिचयात तो कुठेच नाही, कारण त्याचा निबंध झाला नाही.

पुढच्या वर्षी पाव मिलिमीटर छिद्राचं चाळणीचं कापड आणून मी जाळी स्वतः शिवली. इथे थोडं शिवणाचं बोलू द्या, कारण आपल्या पानावर त्याला अर्धीच ओळ मिळाली. बारीक कापडाचं जाळं आखूड शिवून चालत नाही. छिद्रांचं एकूण क्षेत्र जाळ्याच्या तोंडाच्या कित्येक पट लागतं, नाहीतर पाणी आत शिरतच नाही, तोंडाशी फुगून बाजूनं निघून जातं आणि त्याच्याबरोबर किडेही. म्हणून लांब शंकू बेतावा लागतो. शिलाई अशी हवी की कापडाच्या कडा आत बंद होतील, कारण उघड्या कडेच्या दुमडीत अळ्या अडकतात आणि पुढच्या डबक्याच्या हिशेबात जमा होतात. आणि कड्याजवळ जाड कापडाची पट्टी, कारण खडकावर घासून आधी तिथेच फाटतं. यातलं काहीही मला कुठल्या अभ्यासक्रमानं शिकवलं नाही, आत्यानं शिकवलं. ‘प्लँक्टन’ (पाण्याबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव) हा शब्द १८८७ साली वापरात आणणारे व्हिक्टर हेन्सेन यांनी जाळ्यांसाठी कापड घेतलं ते पीठगिरण्यांचं, पीठ चाळण्याचं रेशमी कापड. ते इतकं एकसारखं विणलेलं असे की त्याच्या छिद्रांवर भरवसा ठेवता येई. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची पहिली मोजदाद पिठाच्या चाळणीतून झाली, हे वाचलं त्या दिवशी मला विभागातल्या इतरांपेक्षा जरा जास्तच आनंद झाला.

चित्रकलेची गोष्ट मात्र माझ्या फजितीची आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दर आठवड्याला मी दोन डबक्यांतले वीस-वीस बेडूकमासे भिंगाखाली ठेवून पेन्सिलीनं काढत असे, दहापट मोठे. फोटो काढता आले असते, पण फिल्म महाग आणि मला चित्रं काढायला आवडायचं. एका डबक्यातल्या बेडूकमाशांचं शेपूट कागदावर सारखं रुंद उतरायचं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ते निमुळतं असतं. मला वाटायचं, हात भरकटतोय. मी खोडायची आणि आकृतीप्रमाणे नीट करायची. असं पाच आठवडे चाललं. मग एकदा माझ्या मार्गदर्शक बाईंनी वही खिडकीपाशी नेली, पान उजेडात तिरकं धरलं आणि विचारलं, “हे कुणी खोडलंय?”

“मीच.”

“का?”

“चुकलं होतं.”

“कुणाचं? तुझं की बेडूकमाशाचं?”

आम्ही सगळी पानं एकेक करून उजेडात धरली. खोडलेल्या रेघांचे वळ एकाच डबक्याच्या पानांवर होते. दुसऱ्या डबक्याच्या पानांवर जवळजवळ नाहीत. पहिल्या डबक्यात चतुराच्या अळ्या भरपूर होत्या, दुसऱ्यात नव्हत्या.

पुढची दोन वर्षं त्यात गेली. एकाच अंडीपुंजातली पिल्लं टबांमध्ये वाटायची. निम्म्या टबांत चतुराची अळी, पण जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे ती टबातल्या कुणाला खाऊ शकत नाही, फक्त तिचा वास पाण्यात उतरतो. पिंजरे अर्थात मीच शिवले. काही आठवड्यांनी मोजलं तर अळीच्या टबातली शेपटं रुंद. शत्रू दिसलाही नाही, शिवलाही नाही, नुसत्या पाण्यातल्या खुणेवरून पोरांनी अंगकाठी बदलली होती. आम्ही अगदी हरखून गेलो. मग ग्रंथालयात नवीन अंक येत गेले आणि आमच्या लक्षात आलं की जगात दुसरीकडे हे काम आमच्यापेक्षा नीट आणि आधी होऊन गेलं आहे. १९९६ साली मॅककॉलम आणि व्हॅन बुस्कर्क यांचा अमेरिकेतल्या राखाडी वृक्षबेडकावरचा निबंध आला. त्यात फायदाही होता आणि किंमतही. चतुराच्या अळ्या असलेल्या पाण्यात रुंद शेपटाचे जास्त तगतात, अळ्या नसलेल्या पाण्यात तेच शेपूट महागात पडतं. रुंद शेपूट अळीचा हल्ला डोक्याऐवजी स्वतःकडे ओढून घेतं, असंही यावर काम करणाऱ्यांनी दाखवलं आहे. शेपटाचा तुकडा गेला तर परत येतो.

आमचा निबंध नंतर आला, लहानसा, आमच्याकडच्या बेडकावर. आपण छापलेल्या ‘शोधनिबंध : ४१’ या आकड्यात तो कुठेतरी आहे. पण माझ्या संशोधनाची पार्श्वभूमी म्हणून मला कुणी एकच गोष्ट दाखवायला सांगितली तर मी पदवीचा कागद दाखवणार नाही, खोडलेली ती पानं दाखवीन. ती अजून माझ्याकडे आहेत. तेव्हा मी चित्रकला ‘छंद’ म्हणून करत होते आणि ‘संशोधन’ पाठ्यपुस्तकाबरहुकूम करत होते. दोघांचं पटलं नाही तेव्हा मी खोडरबर चित्रावर चालवला.

डबक्यांवर काम करणाऱ्या माणसानं परिसंस्थाशास्त्रज्ञ जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांचं नाव घेतल्याशिवाय पत्र संपवणं बरं दिसणार नाही. या गृहस्थांना शाळकरी वयापासून पाणकिड्यांचा नाद. पंधराव्या वर्षी त्यांचं पहिलं टिपण छापून आलं, पोहणाऱ्या नाकतोड्यावर. पुढे नेपल्सला ऑक्टोपसच्या ग्रंथींवर काम करायला गेले, ते फसलं. आणि मग पुष्कळ वर्षांनी, सिसिलीतल्या पालेर्मोजवळ, संत रोझालियाच्या गुहेखालच्या एका लहानशा तळ्यात त्यांनी पाणकिडे पकडले तर दोन जाती मिळाल्या, एक मोठी, एक छोटी. त्यांनी विचारलं : दोनच का? वीस किंवा दोनशे का नाहीत? १९५९ साली यावर लिहिलेला त्यांचा निबंध पुढची काही दशकं परिसंस्थाशास्त्रातल्या लोकांना पुरला. त्यात त्यांनी दाखवलं होतं की शेजारी राहणाऱ्या सारख्या जातींच्या आकारात साधारण १.३ पटीचा फरक दिसतो, आणि एकमेकांच्या ताटातलं न खाण्यासाठी एवढं अंतर लागत असावं. लोकांनी जिथे तिथे १.३ शोधायला सुरुवात केली. तेव्हा १९७७ साली हॉर्न आणि मे या दोघांनी शांतपणे दाखवून दिलं की हेच प्रमाण तव्यांच्या संचात सापडतं, लहान मुलांच्या सायकलींत सापडतं, बासरीसारख्या वाद्यांच्या संचातही सापडतं. हे वाचून मी घरातल्या सगळ्या कात्र्या मोजल्या होत्या. निकाल सांगत नाही, विज्ञानाचं नुकसान नको.

एवढ्या मोठ्या निबंधाच्या मुळाशी काय होतं? एका प्रौढ माणसाचा, तळं दिसलं की जाळं घालायचा, शाळेपासूनचा नाद. त्यांच्या परिचयात ‘छंद : पाणकिडे’ आणि ‘संशोधन : पाणकिडे’ असं दोनदा छापावं लागलं असतं.

वार्ताहरानं माझ्या वह्यांबद्दलही विचारलं होतं, पण ते छापलं नाही, जागा नसेल. त्या खाणीतल्या डबक्याची नोंद मी एकतीस वर्षं ठेवली आहे. पाणी कधी साठलं, किती खोल, पहिला बेडूक कधी ओरडला, कधी आटलं. यासाठी कुणी पैसे दिले नाहीत, कुणी मागितलंही नव्हतं. खोली मोजायला शिवणाचीच कापडी टेप, काठीला बांधलेली. बाराव्या वर्षी ती टेप नव्या टेपशेजारी ठेवली तर दीडशे सेंटिमीटरमध्ये ती सेंटिमीटरभर लांब भरली. ओली होऊन होऊन ताणली होती. कापडाची एवढी पारख सांगणाऱ्या बाईला हे बारा वर्षं सुचलं नाही! तेव्हापासूनच्या नोंदी पोलादी पट्टीनं आहेत आणि आधीच्या नोंदींपुढे समासात ‘टेप’ असं तांबड्या शाईनं लिहिलं आहे.

अशा वह्यांचं काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. रिचर्ड फिटर हे निसर्गावर लिहिणारे गृहस्थ. रानफुलं पहिल्यांदा कोणत्या तारखेला उमलली ते ते वर्षानुवर्षं टिपत राहिले. त्यांचे चिरंजीव अ‍ॅलेस्टर फिटर वनस्पतींचे परिसंस्थाशास्त्रज्ञ झाले. २००२ साली बाप-लेकांनी मिळून त्या नोंदींचा निबंध प्रसिद्ध केला. ३८५ जाती. १९९०च्या दशकात त्यांची पहिली फुलं आधीच्या चार दशकांच्या सरासरीपेक्षा साडेचार दिवस लवकर आली होती. दर सहा-सात जातींतली एक तर सरासरी पंधरा दिवस लवकर. हवामान बदलाचा हा पुरावा कुठल्याही प्रकल्पाच्या निधीतून आला नव्हता. निधी देणाऱ्याला पन्नास वर्षं कुठे थांबता येतं? वडिलांनी वही सुरू केली तेव्हा तो निव्वळ छंद होता. निबंध झाल्यावर त्याच वहीचं नाव ‘दीर्घकालीन विदा’ (डेटा) झालं. वही बदलली नाही.

आता कुणी म्हणेल, बाईंना प्रत्येक आवडीत संशोधन दिसतं. तसं नाही. बॅडमिंटनचा माझ्या कामाशी काडीइतका संबंध नाही, आणि तो कुणी जोडू नये. त्यातून मला चिकाटी मिळाली नाही, एकाग्रता मिळाली नाही, मिळाला फक्त दुखरा खांदा. मी खेळते कारण शटल टोलवताना आवाज छान येतो. सालिम अली यांची ती पिवळ्या गळ्याची चिमणी आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे, तिनं त्यांना पक्ष्यांकडे कसं नेलं ते पुन्हा सांगत नाही. पण त्यांना मोटारसायकलींचंही वेड होतं. १९५० साली स्वीडनमधल्या उप्साला इथे पक्षिशास्त्राची परिषद होती, तर युरोपात फिरायला त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीनं बरोबर नेली. त्यातून पक्षिशास्त्राला काय मिळालं? बहुधा काही नाही. माणसाला मिळालं असेल. त्या मुलीला मी हेही लिहिलं आहे, नाहीतर ती बिचारी उद्यापासून आपल्या प्रत्येक आवडीला ‘तुझा उपयोग काय’ म्हणून विचारत बसायची.

आणखी एकच नाव. रूथ पॅट्रिक. जन्म १९०७, गेल्या २०१३ मध्ये. वडील वकील, पण शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. रविवारी मुलांना घेऊन ओढ्यावर जायचे, डब्यात पाणी-शेवाळ भरून आणायचे आणि घरी सूक्ष्मदर्शकातून दाखवायचे. सात वर्षांच्या रूथला त्यांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. पुढे डायटम या सूक्ष्म शैवालांवरून नदीची तब्येत ओळखण्याचं शास्त्र त्यांनी उभं केलं : कोणत्या जाती आहेत, किती आहेत, त्यावरून पाण्यात काय मिसळलंय ते कळतं. १९९६ साली त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. पण फिलाडेल्फियाच्या ज्या अकादमीत त्यांनी आयुष्य काढलं तिथे सुरुवातीची कित्येक वर्षं त्या बिनपगारी काम करत होत्या. त्या वर्षांत कुणी त्यांचा परिचय छापला असता तर डायटम कुठे छापले असते, वर की चौकटीत? पगार नाही म्हणजे छंदच की.

तर माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी आपण कुणा संशोधकाचा परिचय छापाल तेव्हा ती चौकट काढून टाका. तिच्यातला मजकूर वरच्या रकान्यांत जिथला तिथे घाला. आणि जागा कमी पडली तर शोधनिबंधांची संख्या गाळा. ४१ हा आकडा वाचून कुणाला काय कळलं असेल? वार्ताहराला एवढं सांगा की ‘छंद काय?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी, वही मिटता मिटता विचारू नये. मी तेव्हा चहाचे कप उचलत होते. बॅडमिंटन त्या घाईत गेलं.

त्या मुलीला मी लांब जाळ्याचा बेत कागदावर कापून पाठवला आहे, टिपा कुठे मारायच्या त्याच्या खुणांसकट. शिवायचं तिनं. तिच्या पत्रात तिच्या स्वतःच्या छंदाचा उल्लेख नव्हता. तो काय आहे, ते विचारलं आहे.

पत्र लांबलं. कात्री लावायची असेल तर हचिन्सनला लावा, त्यांचं काही अडत नाही. खोडरबराची गोष्ट कापू नका. नाव खाली देत नाही, गेल्या रविवारी मोठ्या टायपात येऊन गेलं आहे.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. पानावर मी काढलेलं नोटोनेक्टाचं चित्र छापलंत, आवडलं. पण तो किडा जन्मभर पोट वर आणि पाठ खाली करून पोहतो. मी तसाच काढला होता. पानावर तो सरळ झाला आहे. आपल्या मांडणी विभागातल्या कुणाला तरी तो उलटा छापला जातोय असं वाटलं असणार. शक्य झालं तर एकदा मूळ चित्र जसंच्या तसं छापा. त्याखाली ‘चित्र उलटं नाही’ असं बारीक टायपात लिहिलंत तरी चालेल.